पंचुकातली नाव

कटकमध्ये माणसानं शब्द फिरवला, मैत्री मोडली, भर लग्नात रुसून जेवणाच्या पंगतीतून उठून गेला, तरी लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. पण कार्तिक पौर्णिमेच्या पहाटे सगळ्या गावादेखत दिवा लावून सोडलेली घरची छोटी नाव महानदीत बुडाली, तर ती गोष्ट पुढच्या पौर्णिमेपर्यंत पुरते. गगनबिहारी महांतींची नाव गेल्या वर्षी बुडाली होती. तीही काठापासून हातभर अंतरावर.

गगनबाबू पाटबंधारे खात्यात वरिष्ठ कारकून. पाण्याच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला कॉलनीत वजन होतं. गेल्या वर्षी ते सगळं वजन नावेत गेलं, असं शेजारचे जेनाबाबू म्हणतात. खरं कारण वेगळं होतं. बाजारातून आणलेल्या नावेत रीतीप्रमाणे दिवा, पान, सुपारी आणि एक नाणं ठेवलं होतं. ऐन वेळी धाकट्या बाबुलानं त्यात आपला लोखंडी ट्रक ठेवला. सुलग्ना, म्हणजे गगनबाबूंची बायको, तो काढायला वाकली, तर गगनबाबू म्हणाले, "राहू दे गं. आपले पूर्वीचे व्यापारी याच दिवशी जावा-बालीला निघायचे. ते काय रिकामी जहाजं नेत होते?" हे वाक्य पुरं व्हायच्या आत जहाज गेलं.

कुनी, त्यांची थोरली, तेव्हा पाच वर्षांची होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं पाण्याकडे बघितलं आणि विचारलं, "बापा, आपली खालून जाते का?"

"हो," गगनबाबू म्हणाले. "खालून जवळ पडतं."

पुढं कित्येक महिने कुनी शाळेत सांगत होती की सगळ्यांच्या नावा वरून जातात, आमची खालून जाते. शेवटी बाईंनी तिला खरं काय ते समजावून सांगितलं. त्या दिवशी ती घरी आली, दप्तर ठेवलं आणि बापाला एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी वरून जाणारी आण."

"आणणार नाही," गगनबाबू म्हणाले. "करणार. घरी, आपण दोघांनी मिळून. आणि ती तरंगणार, हा माझा शब्द." पौर्णिमा तेव्हा फार लांब होती, आणि लांबच्या तारखेचा शब्द द्यायला माणसाचं काय जातं?

कार्तिक लागला, तिकडं तो कोजागिरीनंतर लागतो आणि पौर्णिमेला संपतो, तशी गगनबाबूंची आई हबिषाला बसली. तिला घरात सगळे बोऊ म्हणत. हबिष म्हणजे महिनाभर एकवेळ जेवण, तेही उकड्या नव्हे तर साध्या तांदळाचा भात, मूग, सुरण, कच्चं केळं आणि वर चमचाभर तूप. कांदा-लसूण नाही, मासा तर नाहीच नाही. वडील गेल्यापासून बोऊनं एकही कार्तिक चुकवला नव्हता. एरवी तिच्याइतकी मासळीची जाणकार बाई कॉलनीत दुसरी नव्हती. ती रोहूचा तुकडा चाखून त्याचं गाव सांगायची. त्यामुळे तिचं हबिष हे इतर बायकांच्या हबिषासारखं नव्हतं, ते खरं हबिष होतं, आणि कॉलनीत त्याचा मान होता. तुळशीपुढं पहाटे रंगीत भुकटीची रांगोळी काढताना ती दिसली की जेनाबाबूसुद्धा विडी मागं लपवायचे.

नाव करायला केळीचं खोड लागतं. क्वार्टरच्या मागच्या बाजूला केळीचं एक झाड होतं. गगनबाबू कोयता घेऊन गेले, तर जेनाबाबू कुंपणावरून म्हणाले, "सरकारी झाड आहे हो! परवानगी काढलीत?"

जेनाबाबू निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर सगळी कॉलनी हाच त्यांचा वर्ग झाला होता. त्यांनी सांगितल्यावर झाडाला हात लावणं म्हणजे पुरावा ठेवून चोरी करण्यासारखं होतं. गगनबाबूंनी रीतसर अर्ज केला. बांधकाम खात्यातला ओव्हरसियर म्हणाला, झाड फळावर आहे की नाही हे उद्यान विभागानं कळवायला हवं. उद्यान विभाग म्हणाला, क्वार्टरमधलं झाड आमच्याकडे येत नाही. स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे गगनबाबूंना दोघांचंही म्हणणं पटलं. परवानगी आली तेव्हा केळीला नवं पिल्लू फुटून ते गुडघ्याएवढं झालं होतं, पण ती फार पुढची गोष्ट.

मग पुठ्ठ्याची नाव सुरू झाली. कुनीनं मैद्याची खळ शिजवली. बाबुलानं ती पुरी व्हायच्या आतच बरीचशी खाल्ली, आणि उरलेल्या खळीवर रात्रीतून मुंग्या आल्या. तरी नाव झाली, तिला कुनीनं डोळे काढले, शीड लावलं. न्हाणीघरातल्या टपात सोडली तेव्हा ती सुंदर तरंगली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपेपर्यंत टपात नुसता लगदा आणि दोन डोळे उरले होते.

"बापा," कुनी म्हणाली, "ही पण खालून जाणार."

बुडणाऱ्याला काडीचा आधार म्हणतात. गगनबाबूंना थर्माकोलचा आधार सुचला, आणि इथून पुढचं सगळं रामायण त्या एका विचारातून घडलं.

पौर्णिमेआधीचे शेवटचे दिवस म्हणजे पंचुक. पंचुकात बगळासुद्धा माशाला शिवत नाही, असं ओडिशात लहान पोरंही सांगतात. मग माणसांची काय बिशाद! मासळीबाजार ओस पडतो, विक्रेते पत्ते खेळत बसतात, आणि आंध्रातून बर्फात घालून येणाऱ्या रोहूच्या थर्माकोलच्या पेट्या रिकाम्या पडून राहतात. चांगल्या लांबट, जाड भिंतींच्या. गगनबाबूंनी नेहमीच्या मासेवाल्याकडून त्यातली एक मागून घेतली.

"आज? पेटी?" मासेवाल्यानं पत्ते खाली ठेवले.

"पोरीची हस्तकला आहे."

"न्या. धुतलेली आहे," तो म्हणाला. "पण बाबू, कशात तरी गुंडाळून न्या. लोक वाईट असतात."

गगनबाबूंनी पेटी जुन्या चादरीत गुंडाळून घरी आणली. घाटावर थर्माकोलच्या नावांना बंदी आहे, अशी पाटी त्यांनी येताना वाचली होती. पण बंदी नावेला आहे, पेटीला नाही, आणि आपण बाहेरून कागद लावणार, म्हणजे नाव कागदाची झाली आणि आतलं तिचं खासगी, असा त्यांनी निकाल दिला. इतकी वर्षं फायली हाताळल्यावर माणसाला असे निकाल देता येतात.

घरात कुणी नाही असं बघून त्यांनी पेटी न्हाणीघरात नेली. फिनेलनं धुतली. लिंबू चोळलं. साबणाच्या पाण्यात बुडवून गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत फिनेलचा वास गेला, लिंबाचा गेला, साबणाचा गेला. माशाचा राहिला. गगनबाबूंनी नाक जवळ नेऊन पाहिलं आणि स्वतःची समजूत घातली की आपल्याला ठाऊक आहे म्हणून येतो, ज्याला ठाऊक नाही त्याला येणार नाही. मग त्यांनी एकट्यानंच पेटीला आतून-बाहेरून रद्दीचा कागद लावला, आणि त्यावर कुनीबरोबर लाल-पिवळा घोटीव कागद चिकटवला. कुनीनं विचारलं, "आत काय आहे?"

"हलकं लाकूड," बाप म्हणाला.

बोऊनं चष्मा लावून नाव पाहिली. "कागद? नदीत?" ती म्हणाली. "गगना, तू पाण्याच्या खात्यात कसा रे टिकलास?" दुसऱ्या दिवशी तिनं सुलग्नाला बाजारात पिटाळून केळीच्या खोडाचे पदर आणायला लावले. ते बाजारात ढिगानं मिळत होते, अर्जाशिवाय. मग कुनीला पुढ्यात घेऊन ती त्या पेटीखाली आणि भोवती पदर बसवू लागली. एकावर एक तीन थर, प्रत्येक जोड बांबूच्या काडीनं टाचलेला, टोकं वर वळवून बांधलेली. माहेरी नदीकाठी ती असंच करायची म्हणे. महिनाभर जिनं सोवळ्यात दिवस काढले, ती आपल्या हातानं माशाची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. गगनबाबू दारातूनच मागं फिरले.

आता काय करावं? सांगावं, तर बोऊचं व्रत शेवटच्या टप्प्यावर मोडणार, आणि भिंतीपलीकडे जेनाबाबू आहेत, म्हणजे कॉलनीभर मोडणार. नाव फेकून द्यावी, तर कुनी रात्री ती उशाशी घेऊन निजत होती. गगनबाबूंनी सरकारी मार्ग पत्करला. काहीच केलं नाही.

वास मात्र आपलं काम करत होता. पहिल्यांदा मांजरं आली. कॉलनीतली सगळी मांजरं व्हरांड्यात येऊन बसली आणि बंद दाराकडे बघत राहिली. त्यांतला एक पिवळा बोका पंचुक अजिबात पाळत नव्हता. तो खिडकीतून आत आला आणि नावेच्या कडेला गाल घासू लागला. कुनीला आनंद झाला. "बापा, त्याला पण आवडली!"

मग सुलग्ना. दोन दिवस ती नवऱ्याच्या सदऱ्याचा वास घेत होती. तिसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात त्यांना कोपऱ्यात गाठलं.

"ऑफिसातून सुटल्यावर कुठं जाता?"

"घरी येतो."

"मधे?"

"मधे कुठं जाणार?"

"आई महिनाभर उपाशी, आणि तुम्ही बाहेर मासे झोडून येता? लाज नाही वाटत? निदान हात तरी नीट धुवावेत!"

आरोप इतका जिव्हारी लागला की गगनबाबूंनी सगळं सांगून टाकलं. सुलग्ना मटकन पाटावर बसली. "काढा ती घरातून," ती म्हणाली. मग तिला आतून कुनीचा आवाज आला. कुनी बाबुलाला सांगत होती की ही वरून जाते, बापानं शब्द दिलाय. सुलग्ना पाटावरून उठली. "धूप आणा," ती म्हणाली. "पुष्कळ आणा."

धुपामुळं एवढंच झालं की देवळात मासे तळल्यासारखा वास सुटला. जेनाबाबू नावेची पाहणी करायला आले, शीड वाऱ्याच्या कोणत्या बाजूला हवं यावर त्यांनी बराच वेळ व्याख्यान दिलं, आणि मधेच थांबून दोनदा नाक ओढलं. मग गगनबाबूंकडे असं पाहिलं, जसं ते पूर्वी कॉपी करणाऱ्या मुलाकडे बघत असतील. म्हणाले काही नाहीत. सगळ्यात वाईट ते.

बोऊही काही म्हणत नव्हती. पण तिचं काहीतरी बिनसलं होतं. ती दिवसातून तीनदा अंघोळ करू लागली. जपाची माळ हातातून सुटेना. भातावरचं चमचाभर तूप तिनं सोडलं, मग सुरण सोडला. पोथी वाचता वाचता थांबायची, डोळे मिटायची आणि कान पकडायची. "बोऊ, बरं नाही का?" असं गगनबाबूंनी विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय? तू तुझं बघ." तिला कळलंय, आणि ती मुलाच्या पापाचं प्रायश्चित्त घेतेय, अशी गगनबाबूंची खात्री झाली. त्यांना जेवण जाईना. ज्या आईनं आपल्याला वाढवलं तिच्या ताटातलं तूप आपल्यामुळं गेलं, हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि तोंड उघडायचं धैर्यही होत नव्हतं.

पौर्णिमेच्या पहाटे सगळं कटक घाटाकडे लोटलं होतं. दिवे, शंख, जीभ हलवून केलेला बायकांचा मंगल उलुध्वनी, बापांच्या खांद्यावर पेंगणारी पोरं. बायकांना आधी डुबकी घ्यायची होती म्हणून बोऊ, सुलग्ना आणि मुलं पुढं पायऱ्या उतरून गेली. गगनबाबू नाव डोक्यावर घेऊन मागून चालले होते. घाटाच्या तोंडाशी महापालिकेचा माणूस खुर्ची टाकून बसला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात बांबूची काडी.

"थांबा. थर्माकोल आहे?"

"केळीची आहे," गगनबाबू म्हणाले. हे खोटं नव्हतं.

त्यानं काडी कडेला खुपसली आणि बाहेर काढली. काडीच्या टोकाला पांढरे मणी चिकटले होते.

"बाबू, केळीला बिया असतात, पण अशा नसतात."

मग त्यानं दोन्ही हात आत घातले आणि पेटी वर ओढून काढली. कागद टरकन फाटला, आणि हसऱ्या माशाचं चित्र व त्याखाली 'ताजी मासळी' ही अक्षरं मागं उभ्या असलेल्या सगळ्या रांगेनं वाचली. "आई गं," कुणीतरी म्हणालं. गगनबाबूंच्या हातात आता बोऊ आणि कुनीनं बांधलेले केळीचे पदर तेवढे उरले.

"हे न्या, याला हरकत नाही," तो माणूस म्हणाला. पेटी त्यानं खुर्चीमागं टाकली.

ते टरफल घेऊन गगनबाबू पायऱ्या उतरले. सगळं संपलं होतं. ज्याच्या जोरावर शब्द दिला ती पेटी वर राहिली होती. त्यांना आयुष्यात इतक्या पायऱ्या कधी लागल्या नव्हत्या.

"इतकी हलकी कशी झाली?" सुलग्नानं विचारलं.

"झाली," गगनबाबू म्हणाले.

कुनीनं दिवा लावला. पान, सुपारी, नाणं ठेवलं. बाबुलानं या वर्षी लोखंडी रेल्वे इंजिन आणलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यानं आत ठेवलं. गगनबाबूंनी डोळे मिटून घेतले. कुनीनं ओणवं होऊन नाव पाण्यावर ठेवली आणि ढकलली.

बुडाल्याचा आवाज आला नाही, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. नाव चालली होती. जराही न कलंडता, इंजिनासकट. जेनाबाबूंची शिडाची नाव दुसऱ्या दोन नावांत अडकून गोल फिरत होती. ही तिच्या शेजारून निघून गेली, मधल्या धारेला लागली, आणि तिचा दिवा हळूहळू इतर दिव्यांत मिसळला.

"वरून!" कुनी किंचाळली. "बापा, वरून! आमच्या बापानं केली! जेजेमा, बघ ना, बापानं केली!" ती आजीला, ओळखीच्यांना, अनोळखी लोकांना, सगळ्यांना सांगत सुटली. तरंगत होतं त्यात बापाचं काहीच नव्हतं. हे फक्त बापाला ठाऊक होतं. गगनबाबू मान खाली घालून हात जोडून उभे राहिले, आनंदानं की शरमेनं हे त्यांना ठरवता येईना.

पण नदी ओलांडली तरी घाट असतोच. परतताना सगळे बरोबर होते, जेनाबाबूही. खुर्चीवरचा माणूस उठून ओरडला, "ओ बाबू! तुमची पेटी घेऊन जा! इथं टाकायची नाही!" आणि त्यानं ती गगनबाबूंच्या हातात दिली. हसरा मासा बाहेरच्या बाजूला.

जेनाबाबूंनी चित्र पाहिलं, अक्षरं वाचली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"तरीच!" ते म्हणाले. "तरीच म्हटलं, घरात वास कसला. गगनबाबू, उद्या छडखाई. उद्या सगळं कटक मासे खाणार. एक दिवस कळ काढवली नाही? बगळा काढतो हो!"

आजूबाजूचे थांबले. एका वाक्यात सुटका होती. ही पेटी रिकामी आहे, ही नावेत होती, पोरीसाठी आणली होती. पण नावेत होती म्हणजे पंचुकभर घरात होती, हबिषाला बसलेल्या बाईच्या मांडीवर होती, हे जेनाबाबूंनी दुपारच्या आत घरोघर पोचवलं असतं. गगनबाबूंनी बोऊकडे पाहिलं. पांढऱ्या ओल्या साडीत ती महिन्यात निम्मी झाली होती.

"नाही राहवलं, जेनाबाबू," ते म्हणाले.

सुलग्नानं पदर तोंडाला लावला. बोऊ पुढं आली. तिनं मुलाच्या हातातली पेटी धरली, नाक तिच्यात घातलं आणि लांबलचक श्वास घेतला. मग आणखी एक. पेटीच्या आत अजून चिकटून राहिलेल्या लाल कागदाकडे तिनं पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि मान वर केली.

"मास्तर," ती जेनाबाबूंना म्हणाली, "त्याला कशाला बोलता? मी आणायला सांगितली. उद्या बाजारात गर्दी असते, म्हटलं पेटी आधीच आणून ठेव. महिनाभर तोंड मेलंय माझं. तुमचं काही म्हणणं?"

मास्तरांचं काही म्हणणं नव्हतं. हबिषाच्या बाईला उलट बोलायची कटकमध्ये प्राज्ञा कुणाची!

रस्त्याला लागल्यावर बोऊनं मुलांना सुलग्नाबरोबर पुढं घातलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "ही नावेत होती?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो. बोऊ, माझं चुकलं. तुझं व्रत—"

बोऊ रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसली. तिचे खांदे हलू लागले. गगनबाबू घाबरले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती हसतेय, आणि हसता हसता डोळे पुसतेय.

"मेल्या," ती म्हणाली, "मला वाटलं माझं मनच नासलं! पोथी उघडली की रोहू. माळ हातात घेतली की रोहू. म्हटलं, म्हातारपणी हे काय झालं मला? तुमच्यापैकी कुणी काही बोलेना, म्हणजे वास फक्त मला येतोय. तूप सोडलं, सुरण सोडला, महाप्रभूपुढं नाक घासलं, तरी जाईना! सांगू कुणाला? सुनेला सांगू, की सासूला माशाचे भास होतात?"

"व्रत मोडलं का गं?"

"मोडतंय कशानं? बाकीच्यांनी मासा सोडला, तो बाजारातला. मी मांडीवरचा सोडला." ती उठली आणि साडी झटकली. "दे ती पेटी इकडे."

"मी घेतो ना."

"तू काय घेणार? तुझा चेहरा बघ. आणतोस तेही चोरासारखं, नेतोस तेही चोरासारखं."

मग तिनं पेटी कमरेवर घेतली, हसरा मासा बाहेर ठेवून, आणि जेनाबाबू पुढं जाऊन कॉलनीच्या फाटकापाशी उभे आहेत हे बघून चालीचा वेग जरा कमी केला.